फुटलं कुठे, भरायचं कोणी

काचेचे सहा बीकर, दोन मोजपात्रं आणि डझनभर परीक्षानळ्या. एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी पदरमोड करून हे सामान ऑनलाइन मागवलं. शाबूत पोचल्या त्या फक्त परीक्षानळ्या. बाकीचा चुरा घेऊन त्या चंद्रपूरला, गोलबाजारातल्या ओळखीच्या काचसामानाच्या दुकानात आल्या आहेत.

मॅडम आणि दुकानदार काका ही दोन्ही पात्रं मी घडवलेली आहेत. वाद मात्र घडवलेला नाही; चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांच्या दारात खोकी येतात त्यांच्यात तो रोज चालतो. काका म्हणतात, फुटणारी वस्तू हातात घेऊन, वाजवून घ्यावी. दुरून मागवली तर थोडी तूट धरूनच मागवावी. मॅडम म्हणतात, पैसे पूर्ण मोजले, वस्तू पूर्ण पाहिजे. माझा कल मॅडमकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणूनच काकांना जरा जास्त बोलू दिलं आहे.

काका : खोका ठेवला हे बरं केलं. लोक खोका जाळून टाकतात आणि नुसती काच घेऊन भांडायला येतात. इकडं द्या. हा कोपरा पाहा. दबला आहे, फाटला नाही. म्हणजे उंचावरून आपटला नाही. वर काहीतरी भारी रचलं होतं. आणि पुठ्ठा असा लिबलिबीत काहून?

मॅडम : पावसाचे दिवस होते. आलापल्लीला कुरिअरच्या खोलीत पडून होता. भिंतीला ओल आहे तिथं.

काका : ओल धरली की पुठ्ठ्यात जीव राहत नाही. बरं, आत कसं भरलं होतं?

मॅडम : पाचशे मिलीच्या बीकरात अडीचशेचा, त्यात शंभरचा. असे दोन संच. बाहेरून बबल रॅपचा एक वेढा.

काका : आणि मधात कागद?

मॅडम : चिठोरासुद्धा नाही.

काका : मग रस्त्यानं नाही फोडलं, भरणाऱ्यानं फोडलं. गाडी हलते तसा आतला बीकर बाहेरच्यात रुतत जाते, पाचर बसते. ही चीर पाहा. वरच्या काठापासून निघाली नाही. पोटातून निघाली, जिथं आतल्याचा काठ टेकून होता नेमकी तिथून. परीक्षानळ्या काहून वाचल्या? त्या एकेक वेगळ्या खाचेत होत्या. काचेला काच लागू द्यायची नाही, एवढीच तर विद्या आहे. बशा आडव्या रचल्या तर खालच्या जातात, उभ्या रचल्या तर निभावतात. आमच्या दुकानातल्या पोट्ट्यालाही हे समजते.

मॅडम : पण ही बोरोसिलिकेट काच होती, काका. दणकट म्हणून मुद्दाम घेतली.

काका : ती आगीला दणकट. उकळत्या पाण्याला दाद देत नाही. धक्क्याला काच ती काच.

मॅडम : म्हणजे चूक विकणाऱ्याची, हे तुम्हीच सांगितलंत. मग वाद कशाचा?

काका : चूक त्याची, नुकसान तुमचं. चूक कोणाची हे ठरलं म्हणून नुकसान उठून त्याच्या घरी जात नाही. आमचे वडील खुर्ज्याहून चिनी मातीचं सामान रेल्वेनं मागवत. तेव्हा भाड्याचे दोन भाव राहत. रेल्वेच्या जोखमीचा भाव जास्त, मालकाच्या जोखमीचा कमी. कमी भावानं आणलं की फुटलं ते आपलं. रेल्वेची हयगय आपण सिद्ध केली तरच काही भेटणार. वडील कमी भावाचंच घेत, आणि पेटी उघडायच्या आधीच वहीत काही कप तूट म्हणून मांडून मोकळे होत. जोखीम कोणाची, हे भाडं ठरतानाच ठरायचं. तुमच्या फोनवर काय लिहिलं राहते? 'फ्री डिलिव्हरी'. फुकट आणून देणारा जोखीम कोणत्या भावानं उचलते, हे विचारलं का कधी?

मॅडम : विचारायची गरज नाही, ते ठरलेलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो लागू झाला जुलै २०२० मध्ये, आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. वस्तू सदोष निघाली, किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसली, तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तक्रार केली की ४८ तासांत तिची पोच, आणि महिनाभरात निवारण.

काका : आणि तुम्हाला काय भेटलं?

मॅडम : 'परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली आहे.'

हे सात दिवस कसे संपले ते सांगायला हवं. खोका आलापल्लीला आला तेव्हा मॅडम शाळेत होत्या. कुरिअरवाल्याचा फोन आला : ओटीपी सांगून टाका, नाही तर माल परत जाईल, खोका मी ठेवतो तुमचा. त्यात त्याची लबाडी नव्हती, मेहरबानीच होती. मॅडमनी ओटीपी सांगितला, आणि कंपनीच्या लेखी वस्तू त्या क्षणी ग्राहकाच्या हातात पडली. मग पाऊस लागला. नाल्यावर पाणी चढलं, एसटी बंद झाली. त्या आलापल्लीला पोचल्या तेव्हा खोका उघडायचाच होता आणि मुदत आटोपली होती. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी दर पावसाळ्यात छापून येते. मुदत मोजणाऱ्या संगणकापर्यंत ती जात नाही. ओटीपी फोनवर सांगू नये, हे शहरातल्या माणसाला शिकवलं जातं. जंगलातल्या गावात तो सांगितल्याशिवाय खोका थांबत नाही.

काका : ओटीपी दिला म्हणजे सही केली. सही केल्यावर कोण ऐकते?

मॅडम : कायदा ऐकतो. आणि नवा नाही, तुमच्या वडिलांच्या काळातला. १९३० चा वस्तुविक्री कायदा. माल आधी पाहिलेला नसेल तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत गिऱ्हाइकानं स्वीकारला असं धरता येत नाही, हे त्याचं कलम ४१. सही खोका मिळाल्याची आहे, बीकर पसंत पडल्याची नाही. कलम ३९ तर तुमच्या रेल्वेच्या गोष्टीलाच लागू पडतं. मालाची जात पाहून वाहतुकीचा वाजवी करार करायचा, ही जबाबदारी विकणाऱ्याची. त्यानं ती पाळली नाही आणि वाटेत माल फुटला, तर 'गाडीत चढवला म्हणजे तुला दिला' हे त्याचं म्हणणं गिऱ्हाइकानं ऐकून घ्यायला नको.

काका : १९३० चा म्हणता? मग नागपूरचा इतवारीतला व्यापारी आम्हाला 'माल गाडीत चढला, आमचं काम संपलं' असं सांगत आला, ते काय होतं?

मॅडम : तुम्ही कधी विचारलं नाहीत.

काका : विचारलं असतं तर उधारी बंद झाली असती.

काकांचं हे वाक्य मला सगळ्या कलमांपेक्षा खरं वाटतं. बाजारात तूट कोण सोसतो, हे पुष्कळदा उधारी ठरवते. कप फुटले तर काका गप्प बसायचे, त्याबदल्यात इतवारीवाला दिवाळीपर्यंत पैशासाठी थांबायचा. फुटलेल्या कपांची भरपाई अशी वेगळ्या खात्यावर होत होती. मॅडमनी ज्याच्याकडून बीकर घेतले त्याचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही आणि पैसे त्यानं आधीच घेतले आहेत. सांभाळून घ्यायला दोघांमध्ये काही नाही, म्हणून कलमं लागतात.

काका : कलमांपेक्षा सोपं सांगतो. इथं यायचं. वस्तू हातात घ्यायची, उजेडात फिरवायची, नखानं टिचकी मारायची. बाया माठ घेताना मारतात ना, चीर गेलेला माठ लगेच बद्द वाजते. काचही बोलते. फुटकं निघालं तर मी उभ्याउभ्या दुसरं काढून देतो. ओटीपी नाही की मुदत नाही.

मॅडम : द्या मग. पाचशे मिलीचा बीकर.

काका : बीकर मी ठेवत नाही.

मॅडम : तेच. शाळेचं सामान देणारे आहेत इथं, पण त्यांना डझनाची ऑर्डर पाहिजे. मला सहा हवे होते. अहेरीच्या बाजारात कप-बशा मिळतात, बांगड्या मिळतात, आरसे मिळतात. बीकर नाही, भिंग नाही, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या नाहीत. 'जवळ घ्या' हे ज्याच्याजवळ दुकान आहे त्यानं म्हणावं.

काका : चंद्रपूरहून स्वतः मांडीवर घेऊन गेल्या असत्या तर फुटलं नसतं, हे मात्र खरं.

मॅडम : आष्टीपासून पुढं मांडीवर बीकर घेऊन बसून दाखवा. सुरजागडचे लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून त्या रस्त्याबद्दल पेपरवाले लिहून थकले.

काका : त्या थरथरीचंच तर सांगतो. आपटून फुटलेलं सगळ्यांना कळते. थरथरीनं काय होते, आतलं भरण हळूहळू खाली बसते, वर मोकळी जागा होते आणि काच खेळायला लागते. खोका बंद केल्यावर कानाशी धरून हलवायचा; आत आवाज आला की उघडून पुन्हा भरायचा. आता तुम्हीच सांगा, एवढ्या दूरच्या गुदामात रोज शेकडो खोकी भरणारा माणूस कानाशी धरते का? त्याला एटापल्लीचा रस्ता माहीत आहे का?

मॅडम : रस्ता माहीत नसेल, पिनकोड माहीत आहे. ऑर्डर घेतानाच त्यानं तो मागितला होता.

दुकानाच्या पायरीवर गाडी लावून कुरिअरवाला आला, हातात शेजारच्या मेडिकलचं पार्सल. मेडिकल बंद होतं, म्हणून तो इथं टेकला. आधी गडचिरोलीच्या बाजूला काम करून आलेला आहे. खोक्यावर पेल्याचं चित्र पाहून काकांनी त्याला छेडलं.

कुरिअरवाला : हे चित्र ना, काका, तिकडं भलतंच काम करते. नाजूक माल म्हणून छापतात, आणि लोक विचारतात, गुरुजीनं काय मागवलं बा? तिकडं तर बंदी आहे!

पाय लांब असलेला तो पेला जगभर एकाच अर्थानं छापला जातो : आत फुटणारं आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. वाइनचा पेला ज्या जिल्ह्यात दुकानाच्या कपाटात दिसायचा नाही, तिथं तोच पेला सांभाळून धरा म्हणून सांगतो आहे. शेजारी 'फ्रॅजाइल' लिहिलेलं असतं, ते इंग्रजीत. मात्र चित्र कळलं म्हणून माल हळू ठेवला जातोच असं नाही.

कुरिअरवाला : मी आपटत नाही जी. पण माझ्या हाती येईपर्यंत किती हात लागून गेले राहतात. नागपूरला उतरते, चंद्रपूरला उतरते, मग छोट्या गाडीत. पोत्यात पेला खाली आणि गव्हाच्या पिठाची चक्की वर. फुटलं निघालं की शिवी मलेच.

मॅडम : मग दारात उघडून का पाहू देत नाही?

कुरिअरवाला : महागाच्या मालाला देतो. टीव्ही, मोबाइल. तुमच्यासमोर उघडतो, मग ओटीपी घेतो. पण तेही सगळ्या पिनकोडवर नाही. बाकीचं उघडून दाखवत बसलो तर दिवसाची खोकी संपणार कशी? पैसे खोक्यामागं भेटतात.

काका : व्हीपी होती तेव्हाही हेच होतं, मॅडम. १८७७ पासून पोस्टात व्हीपी चालू. आधी पैसे मोजा, मग पार्सल सोडा. घड्याळ म्हणून विटेचा तुकडा निघाल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या. खोका उघडायच्या आधी पैसे देणारा माणूस कायमचा कमजोर राहते. त्यापेक्षा पोस्टाचं पार्सल बरं. कुरिअर आलापल्लीला थांबते, पोस्ट तुमच्या गावात येते.

मॅडम : येतं, आणि डाकसेवक खोका दारात आणून देतो, हे मान्य. पण गंमत बघा. १८९८ च्या पोस्ट कायद्यानं माल हरवला, मोडला, उशिरा पोचला, तरी टपाल खात्याला मोकळं ठेवलं होतं. नवा कायदा २०२३ चा, जून २०२४ पासून लागू. त्यातही नियमांत लिहिली असेल तेवढीच जबाबदारी. म्हणजे जी सेवा माझ्या गावापर्यंत येते, तीच कायद्यात सगळ्यात कमी बांधील. विमा उतरवून पार्सल पाठवता येतं, पण ते पाठवणाऱ्यानं करायचं. माझ्या हातात काय आहे? विकणाऱ्याला धरणं. त्यानं बैलगाडीनं पाठवावं नाही तर विमानानं. माझा व्यवहार त्याच्याशी.

काका : त्याच्याशी म्हणजे कोणाशी, ते पाहू. तुम्ही मनात कोणी मोठा शेठ धरून बसल्या आहात. भद्रावतीचा ग्रामोदय संघ तुम्हाला ठाऊक आहे. कृष्णमूर्ती मिरमिरांनी पन्नाशीच्या दशकात उभा केला, कुंभारांना नवी चाकं, नव्या भट्ट्या शिकवल्या. आता समजा तिथं शिकलेली एक बाई फोनवर दुकान मांडते आणि पुण्याला सुरई पाठवते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरी भांडी तणसात भरतात. धानाची कापणी झाली की तणस फुकट, ते सुरईच्या आत भरायचं, मानेला गुंडाळायचं, टोपलीत तोंड खाली करून बसवायची, वरून पुन्हा तणस. बैलगाडीनं मूलपर्यंत गेली तरी तडा नाही. पण कंपनी म्हणते, टोपली चालत नाही, चौकोनी खोकाच पाहिजे, अमुक वजनाच्या आत. गाडी कंपनीची, गुदाम कंपनीचं. सुरई पुण्यात फुटकी निघाली. तुमचा नियम कोणाला लागू पडते?

मॅडम : तिला.

काका : तिला! सुरईचे पैसे गेले, पाठवायचं भाडं गेलं, परत आणायचं भाडंही तिच्याच बिलातून. आणि पुण्याची बाई तुमच्यासारखीच म्हणते, पैसे पूर्ण मोजले, वस्तू पूर्ण पाहिजे. तिचंही चूक नाही.

मॅडमनी यावर लगेच उत्तर दिलं नाही, आणि मलाही त्यांच्यासाठी चटकन रचता आलं नाही. विक्रेत्याला जबाबदार धरणारा नियम वाचताना आपण मनात नेहमी मोठ्या गोदामाचं चित्र काढतो. नियम मात्र भद्रावतीच्या चाकावरच्या बाईलाही त्याच ओळीत उभं करतो.

मॅडम : मग दोष नियमाचा नाही, नियम अर्धा आहे त्याचा. गाडी ज्याची, खोक्याचं माप ज्याचं, परतीची मुदत ज्याची, तो संकेतस्थळवाला म्हणतो, मी नुसती जागा देणारा. जून २०२१ मध्ये सरकारनं या नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता. विक्रेत्याच्या हयगयीमुळं गिऱ्हाइकाला माल मिळाला नाही, नुकसान झालं, तर संकेतस्थळाला जबाबदार धरायचं, अशी तरतूद त्यात होती. मसुदा काढावा लागला याचाच अर्थ मूळ नियमात फट आहे. ती फट बुजवा म्हणून मी म्हणेन. सुरईवाली फुटेल म्हणून माझे बीकर मी सोडून द्यावेत, हे नाही म्हणणार.

काका : बरं, बीकरांचं पुढं काय केलं?

मॅडम : १९१५ वर फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलतात. फोटो पाठवले, खोक्याचे, कोपऱ्याचे, सगळे. आठवड्यानं कंपनी नमली. म्हणाली, पैसे देतो, फुटका माल परत करा. मी म्हटलं, न्या. तर म्हणे, तुमच्या पिनकोडवर पिकअपची सोय नाही, स्वतः पाठवा.

काका : आणून द्यायला पिनकोड चालते, न्यायला चालत नाही?

मॅडम : आणि फुटकी काच पोस्टात घालायची! मास्तर म्हणाले, मॅडम, माझ्या माणसाचा हात कापला तर?

कुरिअरवाला : तिकडं पिकअपला गाडी रिकामी पाठवा लागते. एका खोक्यासाठी कोण पाठवते?

काका : हेच तुम्हाला मघापासून सांगून राहिलो. तो हिशेब करते. शंभर खोक्यांत कागद घालायला, पोरं जास्त लावायला जो खर्च, त्यापेक्षा पाचांचे पैसे परत करणं स्वस्त. आणि फोटोवर पैसे द्यायला लागला तर घरातला जुना कप फोडून फोटो पाठवणारेही निघतात. तेही धरते तो हिशेबात. आता एखाद्या भागात शंभरात वीस फुटायला लागले, वीस तक्रारी आल्या, तर तो काय करेल? पॅकिंग सुधारेल? नाही. पिनकोड बंद करेल. तुम्ही जिंकल्या की एटापल्ली बंद.

काकांच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि तो ऐकून घ्यायला त्रास होतो, कारण तसं होताना दिसतं. गावाचं नाव टाकलं की पडद्यावर लाल अक्षरात ओळ येते : या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही. कोणी तक्रार केली म्हणून ती ओळ आली की रस्त्यामुळं आली, हे कुठंही लिहिलेलं नसतं.

मॅडम : पिनकोड काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. आपला मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारा. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, सारख्या नावाच्या गावांत टपाल चुकू नये म्हणून. पत्र पोचावं म्हणून काढलेला आकडा आता न पोचवण्यासाठी वापरतात. ठीक आहे. सेवा नाही असं लिहिलेलं मला चालतं. मी दुसरी सोय बघीन. सेवा आहे असं लिहून, पैसे घेऊन, बीकरात बीकर कोंबून पाठवलेलं चालत नाही. बंद होईल या भीतीनं गप्प बसायचं, तर एटापल्लीला कायम फुटकंच येणार. आणि ते आलं याची नोंदही होणार नाही, कारण आम्ही तक्रार केली नाही.

काका : मग आता ग्राहक मंचात जाणार? हजार-दोन हजारांच्या काचेसाठी?

मॅडम : का नाही? पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लागत नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. पूर्वीच्या १९८६ च्या कायद्यात कंपनीचं ऑफिस जिथं किंवा व्यवहार जिथं घडला तिथं जावं लागे. आता मी राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे गडचिरोलीच्या आयोगात. दोन वर्षांची मुदत आहे. ही सात दिवसांवाली नाही.

काका : आणि निकाल कधी?

मॅडम : कायद्यात तीन महिने लिहिलेत.

काका : लिहिलेत.

मॅडम : हो, लिहिलेत. तोवर मुलांना बीकरचं चित्र दाखवते फळ्यावर.

यावर कुरिअरवाला हसला, काका हसले नाहीत. फुटका बीकर त्यांनी अजून हातातच धरला होता, बूड शाबूत, त्यावर पाचशेची खूण. त्यांनी तो खाली ठेवला आणि गल्ल्याखालून पावतीपुस्तक काढून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दुकानाचा पत्ता लिहिला.

काका : पुढचं मागवाल तेव्हा हा पत्ता टाका. ४४२४०१. इथं सगळं येते. मी लगेच उघडतो. फुटकं असलं तर त्याच दिवशी परत. इथून पिकअप होते. चांगलं असलं तर तणसात भरून देतो, एसटीत मांडीवर घेऊन जा.

मॅडम : आणि भरायचे किती घ्याल?

काका : तणसाचे पैसे घेतात का कुठं? पण विकणाऱ्याला आधी लिहून कळवा, एकात एक घालू नको म्हणून. न ऐकता पाठवलं तर तुमच्या त्या ३९ ला जोर येते.

मॅडम : बिल माझ्याच नावाचं राहील. आणि पत्ता शाळेचा.

काका : माल इथं, बिल तिथं? काहून?

मॅडम : उद्या आयोगात जायचं झालं तर मी राहते कुठं, हे कागदावर दिसायला पाहिजे. आणि काका, मला एटापल्लीचा पत्ता सोडायचा नाही. मी चंद्रपूरचा टाकत गेले तर तिकडं कोणी काही मागवतच नाही असं त्यांना वाटेल.

काका : म्हणजे तुम्ही इथला पत्ता टाकणार नाही.

मॅडम : या वेळी टाकते. मुलांच्या परीक्षा आहेत. उघडताना मात्र व्हिडिओ काढायचा, खोका बंद असल्यापासून, मधात न थांबता.

काका : माझ्या फोनमधून व्हिडिओ निघत नाही.

कुरिअरवाला : माझ्यातून निघते. पण ओटीपी आधी द्या लागेल.